अकरा शब्द रिजेक्ट

"सात," कौशल्याबाई म्हणाल्या, आणि रंगराव भडकले.

"सात काय? सात मायक्रॉन? सात फूट? सात म्हंजी नेमकं काय?"

"आजोबा, ऑपरेशननंतर आजींना किती स्पष्ट दिसतं, ते शून्य ते दहामध्ये विचारलंय," टॅबवर बोट फिरवत ऋता म्हणाली.

"आणि हे मोजलं कशानं?"

"आजींना विचारून."

"गेज कुठाय?"

ऋताने प्रामाणिकपणे टेबलाखालीही पाहून घेतलं. ती निगडीच्या या डोळ्यांच्या दवाखान्यात संशोधनाचं काम करायची. मोतीबिंदू आणि काचबिंदूच्या उपचारांनी माणसाला खरोखर किती फरक पडतो हे मोजायचं, असं ते संशोधन होतं. रंगराव चाकणच्या पट्ट्यातल्या एका कंपनीत पेंट शॉपला एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. बंपरवरच्या रंगाची जाडी मोजायची आणि कमी भरली की लाल स्टिकर लावून "रिजेक्ट!" असं ओरडायचं, एवढंच त्यांनी आयुष्यभर केलं होतं आणि मन लावून केलं होतं. निवृत्तीनंतर कंपनीने शाल दिली, तिचीही किनार त्यांनी रिजेक्ट केली होती.

"माणसाला विचारून मोजमाप होत असतं तर मी एकतीस वर्षं बंपरलाच विचारलं असतं, 'काय रे, बरा हायस का?'"

"अवो, गप बसा की," कौशल्याबाई म्हणाल्या. "मला बोलवलंय. तुमाला न्हाई."

त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून महिना झाला होता. डावा बाकी होता, आणि डाव्यात मोतीबिंदूच्या जोडीला काचबिंदूही निघाला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, की डोळ्यावरचा दाब वाढतोय, पंधरा दिवसांच्या वर थांबू नका, काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. तारीखही ठरली होती. मधे फक्त ही चित्रांची चाचणी होती.

ऋताने टॅबवर चित्रं दाखवायला सुरुवात केली. मोतीबिंदू गेला की आधी रंग उजळ दिसतात, म्हणून संशोधकांनी हौसेने सगळी चित्रं रंगांभोवतीच निवडली होती. चित्र बघायचं आणि वीस सेकंदांत नाव सांगायचं.

पहिलं चित्र रंगपेटीचं होतं.

कौशल्याबाईंनी ते नीट पाहिलं. ओळखीचं हसल्यासुद्धा. मग म्हणाल्या, "कलरची पेटी."

"आजी, मराठीत सांगा ना. इंग्रजी शब्द धरता येत नाही."

"मग ते… पोरं चित्र काढत्यात, त्याची पेटी."

ऋताने फुली मारली. दुसऱ्या चित्रात माणसं एकमेकांवर पिचकाऱ्या उडवत होती. कौशल्याबाई म्हणाल्या, "शिमग्यानंतर पाच दिवसांनी वलं व्हायचं असतंय ते." रंगाऱ्याला त्या 'भिंती पोतारणारा' म्हणाल्या. सारंगीला 'वाजिवत्यात ते'. नारंगी फुग्यापाशी बराच वेळ थांबून 'संत्र्यावानी'. तिरंगा दाखवल्यावर म्हणाल्या, "झेंडा."

"कोणता झेंडा, आजी?"

"आपला."

"त्याला काय म्हणतात?"

"झेंडावंदन," कौशल्याबाई म्हणाल्या आणि घाम पुसू लागल्या.

वीसपैकी अकरा फुल्या पडल्या. माठ, कात्री, बदक, कंदील सगळं त्यांनी धडाधड सांगितलं होतं. ऋता आत जाऊन डॉक्टर नंदकिशोरांशी बोलली आणि गंभीर चेहऱ्याने बाहेर आली.

"आजोबा, आजींना दिसतंय व्यवस्थित. वस्तू ओळखूही येते. पण शब्द सापडत नाही. कधीकधी मेंदूच्या एका आजारात असं होतं. माणसाचे शब्द हळूहळू, एकेक करत जातात. अफेजिया म्हणतात त्याला."

"एकेक करत?"

"हो. आता लगेच काही म्हणता येणार नाही. आठवडाभर लक्ष ठेवा. कुठला शब्द अडला की लिहून ठेवा. मी फोन करीन."

रंगराव दवाखान्यावर भडकले, चित्रांवर भडकले, कुरुळीच्या गाडीत खिडकीशी बसलेल्या अनोळखी माणसावर भडकले. तो माणूस मोशीला उतरला. त्याला तिथे उतरायचं होतं की नाही, ते कळलं नाही.

खरं तर ते घाबरले होते. चाळीस वर्षं त्या बाईने त्यांना सकाळ-संध्याकाळ सुनावलं होतं. ती गप्प झाली तर घरात त्यांना रिजेक्ट करणारं दुसरं कोण होतं? पण रंगरावांकडे काळजीसाठी वेगळा आवाज नव्हता. एकच होता, तो वरच्या पट्टीतला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीला रकाने आखले. वस्तू, उत्तर, पास, रिजेक्ट. सकाळी सातला पहिली शिफ्ट सुरू झाली.

"हे काय?" त्यांनी पळी पुढे धरली.

"डोकं फिरलंय का तुमचं?"

रंगरावांनी लिहिलं, 'पळी. उत्तर, डोकं. रिजेक्ट.'

"आणि हे?"

"तेच घालीन डोक्यात आता."

'लाटणं. नाव नाही, फक्त उपयोग सांगितला. रिजेक्ट.'

मंगळवारपर्यंत पस्तीस वस्तू झाल्या. तोवर शेजारच्या मिनलला बातमी लागली होती. ती धाकट्या मुलीचा अक्षरांचा तक्ता घेऊन आली आणि कौशल्याबाईंच्या कानाशी, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं ओरडली, "काकूऽऽ! अ अननसाचाऽऽ! म्हणा!"

"मिनल, माझं कान धड हाईत."

"बोलल्या! काका, काकू बोलल्या!"

"कान म्हणाली," रंगराव वही उघडत म्हणाले. "दाखवलं काय होतं?"

"अननस."

"रिजेक्ट."

कौशल्याबाईंनी तक्ता मिनलच्या हातात दिला, पळी ओट्यावर ठेवली आणि नवऱ्याशी अबोला धरला. मिनलशी त्या बोलत होत्या, भाजीवालीशी तर अर्धा तास भांडल्या. फक्त रंगराव समोर आले की तोंड मिटत होतं. त्यांनी तेही इमानाने वहीत उतरवलं.

शुक्रवारी ऋताचा फोन आला.

"आजींचं बोलणं कसं आहे?"

"मंगळवारपासून बंद."

"बंद? पूर्ण?"

"माझ्या ड्यूटीत तरी एकही शब्द न्हाई."

पलीकडे बराच वेळ कागदांची सळसळ ऐकू आली. मग ऋता म्हणाली, "आजोबा, हे फार झपाट्याने होतंय. सर म्हणतात, आता मेंदूच्या तपासण्या झाल्याशिवाय डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करता येणार नाही. पुण्यातल्या तज्ज्ञांची वेळ सहा आठवड्यांनंतरची मिळतेय."

"सहा आठवडे? आणि तवर डोळा?"

रंगरावांनी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच कुणावर भडकावं ते त्यांना सुचेना. घरात शोधलं. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं, त्याच्यावर थोडा वेळ भडकले. मग वही उघडून बसले.

पेंट शॉपचा एक साधा नियम होता. एकाच जागी पुन्हा पुन्हा डाग येत असेल तर बंपरला शिव्या द्यायच्या नाहीत, रंग फवारणारी गन तपासायची. दवाखान्यातल्या अकरा शब्दांची यादी त्यांनी रागारागात त्याच दिवशी उतरवून घेतली होती. रंगपेटी. रंगपंचमी. रंगारी. सारंगी. नारंगी. तिरंगा. रंगमंच. त्यांनी लाल पेनने खुणा करायला घेतल्या. सातव्या शब्दाला पेन थांबलं.

गन सापडली होती. गनवर त्यांचंच नाव होतं.

"अगं ए!" ते ओरडतच स्वयंपाकघरात गेले. "तू माझं नाव घेत न्हाईस?"

कौशल्याबाई अबोला विसरल्या. "घेतं व्हय कुणी?"

"आगं, पण सारंगी? तिरंगा?"

"मग? त्यात तुमी हायसाच की."

"म्हणून तू 'कलर' म्हणतीस? चाळीस वर्षं?"

"तुमच्या आईनंच सांगितलं व्हतं. नवऱ्याचं नाव येतंय त्यो शब्द उच्चारायचा न्हाई."

रंगराव पाटावर बसले. एकतीस वर्षं कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ते अभिमानाने सांगत आले होते, की आमची चौथीच शिकलीय, पण कलर म्हणती, पेंट म्हणती, इंग्रजीशिवाय बोलत न्हाई. कोंडीराम फोरमनने त्या जोरावर स्वतःच्या बायकोला इंग्रजीची शिकवणी लावली होती.

सोमवारी सकाळी बायकोला घेऊन ते वही आपटतच डॉक्टर नंदकिशोरांच्या खोलीत शिरले.

"तुमची परीक्षा रिजेक्ट! हिचं डोकं ठीक हाय, जीभ ठीक हाय. तुमची चित्रं नादुरुस्त हाईत!"

डॉक्टरांनी अकरा शब्द वाचले, मग केसपेपरवरचं पतीचं नाव वाचलं, मग चष्मा काढून पुसला. ऋताने कपाळावर हात मारला.

"आजी, एकदा फक्त 'रंग' म्हणा," डॉक्टर म्हणाले. "मला नोंद करता येईल आणि ऑपरेशन गुरुवारी, ठरल्या दिवशी होईल."

"तुमीच म्हणा की. तुमाला चालतंय."

"मी म्हणून काय उपयोग?"

"अगं, म्हण की!" रंगरावांचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला. "डोळ्याचा प्रश्न हाय!"

"डोळ्यासाठी काय नवऱ्याला अरेतुरे करू?"

ऋताने हळूच विचारलं, "सर, उखाण्यात घेतलं तर?"

डॉक्टरांनी संशोधनाची नियमावली चाळली. पुढून मागे, मागून पुढे. "उत्तर उखाण्यात देऊ नये, असं कुठेही लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "मात्र वीस सेकंदांच्या आत."

"पदर घ्यायचा वेळ धरू नगा," कौशल्याबाईंनी अट घातली. त्या खुर्चीत सावरून बसल्या. ऋताने रंगपेटीचं चित्र लावलं आणि घड्याळ सुरू केलं.

"मोतीबिंदू काढून डोळ्यात बसवलं भिंग,
रंगरावांचा राग म्हंजी फोडणीतला हिंग!"

आणि चित्रावर बोट ठेवून एका दमात म्हणाल्या, "ही त्यांचीच पेटी."

"एकोणीस सेकंद," ऋता म्हणाली.

"रंग आला, पेटी आली. मान्य," डॉक्टर म्हणाले. "गुरुवारी आठ वाजता उपाशीपोटी या."

इथे दुसरा कुणीही माणूस हात जोडून घरी गेला असता. रंगराव इन्स्पेक्टर होते.

"असं कसं मान्य? आधी चूक कुठं झाली ते लिहा! हिचं बोलणं बंद झालं, हे तुमी कुणाच्या सांगण्यावरनं धरलं?"

"तुमच्या," ऋता म्हणाली.

"मग मला तपासलं व्हतं का? गेज तपासल्याबिगर रीडिंग घेतलंच कसं? कसलं हे संशोधन!"

डॉक्टर आणि ऋताने एकमेकांकडे पाहिलं.

"मुद्दा बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "माहिती देणाऱ्याचीही चाचणी असते. आपली राहिलीच. घे गं."

"घ्या!" रंगराव छाती काढून बसले. "वीस काय, दहा सेकंदांत सांगतो."

ऋताने केसपेपरची फाईल मिटून बाजूला ठेवली आणि घड्याळ सुरू केलं. "सोपा प्रश्न आहे, आजोबा. पत्नीचं नाव?"

"हॅ! हा काय प्रश्न झाला? हिचं नाव…"

रंगरावांनी तोंड उघडलं. आतून 'अगं' आलं. त्यांनी ते परत ढकललं. मग 'ए' आलं. मग 'ऐकतीस का' आलं, 'आमची' आलं, 'घरची' आलं. चाळीस वर्षांत ज्या ज्या हाकेला ती बाई धावत आली होती, त्या सगळ्या हाका एकेक करून जिभेवर आल्या आणि परत गेल्या.

"नऊ सेकंद," ऋता म्हणाली.

"थांब गं! येतंय! रामाची… ते हे… रामाची कोण लागती ती?"

"सीता?" डॉक्टर म्हणाले.

"न्हाई हो! आणखी वरची!"

"सर, मदत करायची नाही," ऋता म्हणाली. "चौदा."

रंगरावांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. कपाळावरची शीर टरारली होती, मानेपासून कानापर्यंत सगळं तांबडंलाल झालं होतं.

"अवो, तुमीच ठेवलेलं नाव हाय," कौशल्याबाई शांतपणे म्हणाल्या. "लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिवलं व्हतं तुमी. मी बघत व्हते."

"सांग की मग!"

"मी कशाला सांगू? परीक्षा तुमची हाय."

"वीस," ऋता म्हणाली आणि टॅबवर फुली मारली.

कौशल्याबाईंनी खुर्ची जरा पुढे ओढली. नवऱ्याचा चेहरा त्यांनी उजव्या डोळ्याने, अगदी जवळून, कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश निरखला. मग ऋताच्या दंडाला हात लावला.

"पोरी, मागल्या बारीला मी सात म्हणलं व्हतं ना? दहा कर."