गोळ्यांचा डबा आणि खोल सोफा

पॅनलवर बोलावं तर मीच! हे मी माझ्या तोंडानं सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही. अकरा वर्षांत मी तेवीस तंत्रज्ञान प्रदर्शनांत, तेवीस पॅनलवर बसलो आणि एकदाही कुणाच्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. हे येरागबाळ्याचं काम नव्हे. प्रश्न कुठलाही असो, आपण पुढे झुकायचं, हात जोडल्यासारखे करायचे आणि म्हणायचं, "यात तीन गोष्टी आहेत." दुसरी गोष्ट संपेपर्यंत लोक मोबाइलमध्ये शिरलेले असतात. तिसरी मला आजवर कुणी विचारलेली नाही. बरंच आहे, मलाही ती ठाऊक नसते.

यंदा मात्र मामला जरा गंभीर होता. आमची कंपनी म्हाताऱ्या माणसांसाठी गोळ्यांचा डबा बनवते. वेळ झाली की डबा बोलतो, झाकण उघडतो आणि नेमकी तेवढीच गोळी पुढे सरकवतो. आमच्या इंजिनिअर बाईंनी तीन वर्षं त्याच्यावर डोकं झिजवलं. साहेबांनी निर्वाणीचं सांगून टाकलं होतं, "या प्रदर्शनात एक तरी मोठी ऑर्डर आणा. नाहीतर डबा बंद, आणि डब्याबरोबर तुमचा विभागही!"

आशा एकच होती. सोळा वृद्धाश्रम चालवणाऱ्या एका संस्थेच्या खरेदी अधिकारी बाई आमच्या पॅनलला येणार होत्या. गळ्यात चष्मा, हातात वही आणि चेहऱ्यावर आतापासूनच नकार!

"सर, पॅनलवर मी बोलू का?" इंजिनिअर बाईंनी आदल्या दिवशी विचारलं. "डबा कसा चालतो ते मला नीट सांगता येईल."

"हाच तर घोटाळा आहे!" मी प्रेमानं म्हणालो. "तुम्हाला माहिती आहे, पण बोलता येत नाही. तुम्ही शेवटच्या रांगेत डबा घेऊन बसा. मी आहे ना!"

त्यांनी डब्याचं झाकण उगीचच दोनदा उघडून मिटलं.

मी पूर्ण तयारीनिशी उतरलो होतो. पॅनलमध्ये श्रोत्यांतून चांगला प्रश्न येणं फार महत्त्वाचं असतं, आणि इतकी महत्त्वाची गोष्ट कुणी श्रोत्यांवर सोडत नाही. आम्ही सगळेच आपापला प्रश्नकर्ता घरून घेऊन येतो. माझा प्रश्नकर्ता म्हणजे माझा मेहुणा. मनानं अगदी सरळ. त्याला 'गॅसवरच्या दुधाकडे बघ' म्हटलं की दूध उतू जाईपर्यंत बघत राहतो.

मी त्याच्या हातात टाइप केलेला कागद दिला आणि बजावलं, "हा प्रश्न विचारायचा. आहे तसाच! एक अक्षरही बदलायचं नाही!"

"भावोजी, काळजीच नको!" तो म्हणाला.

इथेच मला काळजी वाटायला हवी होती.

पॅनलचा विषय होता 'उद्याचं आरोग्य : आजपासून परवापर्यंत'. स्टेजवर पाच पांढरे सोफे. हे सोफे कोण बनवतं देव जाणे! बसलं की माणूस खोल जातो आणि गुडघे हनुवटीला टेकतात. त्या अवस्थेत आम्ही पाच तज्ज्ञ आरोग्याच्या भवितव्याकडे बघत होतो. सूत्रसंचालिका गोड आवाजाच्या होत्या. पहिल्या तज्ज्ञानं नुसता घसा खाकरला तरी त्या म्हणाल्या, "फारच सुंदर मुद्दा!"

मग त्यांनी एक घोषणा केली, आणि मी सोफ्यात आणखी चार बोटं खाली गेलो.

"गेल्या वर्षी एका गृहस्थांनी माइक हातात आल्यावर आपल्या बंद पडलेल्या लिफ्टची कथा अठरा मिनिटं ऐकवली. म्हणून यंदा माइक फिरणार नाही. प्रश्न चिठ्ठीवर लिहून या खोक्यात टाका. मी इथून वाचेन!"

मी मेहुण्याकडे बघितलं. तिसऱ्या रांगेत, नेमका खरेदी अधिकारी बाईंच्या शेजारी तो बसला होता. मी डोळे मोठे केले. त्यानं हात हलवला. मी मान जोरजोरात नकारार्थी हलवली. त्याला वाटलं मान अवघडली, म्हणून त्यानं स्वतःची मान चोळून दाखवली. मग उठला, खोक्यापाशी गेला आणि मी दिलेला कागद, घडीसुद्धा न बदलता, आत टाकला. एक अक्षर बदललं नाही! शहाणा!

चाळीस मिनिटं आम्ही बोललो. काय बोललो ते आमच्यापैकी कुणीही सांगू शकणार नाही. मग खोकं आलं. सूत्रसंचालिकांनी पहिलीच चिठ्ठी काढली.

"अरे वा, टाइप केलेली! आणि लेटरहेडवर!"

ऑफिसच्या प्रिंटरमध्ये कायम लेटरहेडच भरलेलं असतं हे मला नेहमी घरी आल्यावर आठवतं. आज स्टेजवर आठवलं.

त्या गोड आवाजात वाचू लागल्या, "हात वर करून, किंचित गोंधळलेल्या चेहऱ्यानं उभं राहावं. मी एक सामान्य नागरिक आहे. हा डबा घेतल्यापासून माझ्या वृद्ध वडिलांच्या चेहऱ्यावर हसू परतलं. इतकं अफाट उत्पादन आपल्याला सुचलं तरी कसं? उत्तर चालू असताना मान डोलवावी. उत्तर संपताच टाळ्या वाजवाव्यात. शेजारी वाजवत नसल्यास कोपरानं सुचवावं."

सगळ्यांच्या माना मोबाइलमधून वर आल्या. आणि तेवढ्यात माझा मेहुणा उभा राहिला. हात वर. चेहरा किंचित गोंधळलेला. या बाबतीत त्याला अभिनय करावा लागत नाही.

"फारच सुंदर मुद्दा!" सूत्रसंचालिका सवयीनं म्हणाल्या.

मग काय हशा उसळला म्हणता! बाकीचे चार तज्ज्ञ सर्वांत मोठ्यानं हसत होते, कारण त्यांच्या चिठ्ठ्या अजून खोक्यात होत्या. मी माइकवर कसाबसा म्हणालो, "हा... हा एक छोटासा विनोद होता. वातावरण हलकं करायला." उत्तर संपलं असं समजून मेहुण्यानं टाळ्या वाजवल्या आणि खरेदी अधिकारी बाईंना कोपर मारलं! "वाजवा ना, ताई!"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. वहीतलं पान टरकन फाडलं, त्यावर काहीतरी लिहिलं आणि खोक्यात न टाकता स्वतः स्टेजपाशी येऊन सूत्रसंचालिकांच्या हातात दिलं.

"आमचे एक आजोबा आहेत," सूत्रसंचालिका वाचू लागल्या. "ते गोळी हातात घेतात, तोंडात टाकल्यासारखं करतात आणि कुंडीत फेकतात. अशा वेळी तुमचा डबा काय करतो?"

मी पुढे झुकलो. सोफ्यातून जितकं झुकता येतं तितकं. "अत्यंत महत्त्वाचा प्रश्न. यात तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यातला विश्वास..."

"कुंडीचं विचारलंय मी," बाई खालून म्हणाल्या.

"तिकडेच येतोय. दुसरी गोष्ट, समाज म्हणून आपण..."

"कुंडी!"

"तिसरी गोष्ट..." मी म्हणालो आणि थांबलो. आयुष्यात प्रथमच कुणीतरी तिसऱ्या गोष्टीची वाट बघत होतं. शेवटच्या रांगेत इंजिनिअर बाई डबा पोटाशी धरून बसल्या होत्या. तीन वर्षांचं काम माझ्या तोंडून वाहून जाताना त्या बघत होत्या. तक्रार नाही, राग नाही, नुसत्या बघत होत्या. मला लाज वाटली. अगदी कान गरम होईपर्यंत लाज वाटली.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "पण मागे बसल्यात त्यांना माहीत आहे. डबा त्यांनीच बनवलाय."

इंजिनिअर बाई उभ्या राहिल्या. डबा अजून पोटाशीच होता.

"काही करत नाही," त्या म्हणाल्या. "गोळी उचलली की डब्याला वाटतं, घेतली. कुंडी त्याला दिसत नाही. मी खूप प्रयत्न केला, जमलं नाही. म्हणून मग गोळी बाहेर येताना तो घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हाक मारतो. कुणी समोर येऊन बसलं की घेतात. माझे बाबा तरी घेतात."

"म्हणजे डब्याला माणूस लागतोच?"

"लागतो."

खरेदी अधिकारी बाई वहीत लिहीत म्हणाल्या, "सकाळपासून सात स्टॉल फिरले. सातही जणांनी सांगितलं, माणूस लागत नाही."

पाचव्या दिवशी ऑर्डर आली. सोळाच्या सोळा वृद्धाश्रमांसाठी! विभाग वाचला. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी शर्ट नीट केला. शेवटी मोक्याच्या क्षणी माइक योग्य हातात देणारा मीच होतो!

"ऑर्डरसोबत एक अट आहे," साहेब पत्र बघत म्हणाले. "त्यांच्या कर्मचाऱ्यांना डबा वापरायला इंजिनिअर बाईच शिकवणार. आणि सरावासाठी त्यांना गोळी न घेणारा एक हट्टी म्हातारा हवाय. एक विचारलं की भलतंच सांगणारा, कुणाला दाद न देणारा आणि तरी स्वतःवर खूश असलेला." साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "खरेदी अधिकारी बाईंनी लिहिलंय, 'तुमच्याकडे आहेत.'"

तेव्हापासून दर मंगळवारी मी एकेका वृद्धाश्रमात खुर्चीवर बसतो. डबा बोलतो, मी ऐकत नाही. कर्मचारी समजावतात, मी त्यांना तीन गोष्टी सांगतो. इंजिनिअर बाई बाजूला उभ्या राहून सगळ्यांना दाखवतात, "बघा, हे असं करतात." माझं काम उत्तम होतं असं सगळे म्हणतात.

गेल्या मंगळवारी मात्र सराव संपला तरी एक आजी जाईनात. बराच वेळ मला न्याहाळत बसल्या होत्या. मग काठी टेकत आल्या, समोर खुर्ची ओढून बसल्या आणि सरावासाठी डब्यात ठेवलेली साखरेची गोळी माझ्या तळहातावर ठेवली.

"घे रे बाळा," त्या म्हणाल्या. "किती बोलतोस! दमला असशील."

मी निमूटपणे घेतली.