डॉक्टरांचं फ्रेंच जनावर

आमचे शेजारी सर्जेराव डॉक्टर रोज सकाळी चहाच्या आधी आपली गाडी तपासतात. तपासतात म्हणजे अगदी रीतसर. गळ्यात स्टेथोस्कोप असतो. बॉनेट उघडून इंजिन चालू करतात, नळीचं टोक इकडेतिकडे टेकवतात आणि डोळे मिटून ऐकतात. कराडजवळच्या मलकापुरातल्या आमच्या कॉलनीत नवा भाडेकरू आला की पहिल्या सकाळी हा प्रकार बघताना त्याच्या घरचं दूध हमखास उतू जातं. आम्हाला आता सवय झाली आहे.

डॉक्टर म्हणजे जनावरांचे. तेहतीस वर्षं कराड-पलूस भागातल्या गाई-म्हशी त्यांच्या हाताखालून गेल्या. निवृत्त झाले तेव्हा सगळे रुग्ण सुटले आणि एकच उरला, तो म्हणजे ही गाडी.

गाडी फ्रेंच. कंपनीने ती इकडे चार वर्षं विकली आणि मग ते मॉडेलच बंद करून टाकलं. तिचे सुटे भाग आता ना कराडात मिळतात, ना साताऱ्यात. दुकानदाराला गाडीचं नाव सांगितलं की तो आधी हसतो आणि मग विचारतो, "अजून चालती व्हय?"

"चालती म्हंजी? खाऊन पिऊन सुखी हाय!" डॉक्टर म्हणतात.

ते गाडीला गाडी म्हणतच नाहीत, जनावर म्हणतात. रेडिएटरमधून पाणी गळायला लागलं की जनावराला हगवण लागते. धूर कोंडला की पोटफुगी. थंडीत स्टार्ट झाली नाही की, "आज उठत न्हाई गुरुजी, जरा शेपटाकडनं रेटा." मी शाळामास्तर असल्याने गुरुजी, आणि शेजारी असल्याने रेटणारा. मी रेटतो. गॅरेजवाल्या मुबारक मिस्त्रींना तर ते चिठ्ठीवर लक्षणं लिहून देतात: 'कालपासून खाणे कमी. डाव्या मागील पायात लचक. आवाज घोगरा.' मुबारकभाई चिठ्ठी वाचतात, कपाळाला लावतात आणि पान्याला हात घालतात.

एकदा बॅटरी बदलली आणि गाडीच्या समोरच्या छोट्या पडद्यावरची भाषा आपोआप फ्रेंच झाली. ती परत इंग्रजी कशी करायची, हे कुणालाच जमलं नाही. डॉक्टरांनी त्याचाही अभ्यास केला. कुठले शब्द उमटल्यावर काय बिघडतं, हे वहीत लिहून ठेवायला लागले. दार उघडं राहिलं की एक ओळ येते, दिवा गेला की दुसरी. मोठ्या अभिमानाने मला सांगायचे, "गुरुजी, निम्मं फ्रेंच आलं मला."

उरलेल्या निम्म्याने घात केला. आम्ही दोघं साताऱ्याहून परत येत होतो. उंब्रजच्या अलीकडे पडद्यावर लाल रंगात पाच अक्षरं उमटली. एच, यू, आय, एल, ई. डॉक्टरांनी ती जोडून वाचली.

"हुईल!" त्यांचा चेहरा उजळला. "बगा गुरुजी, मी मनात म्हनतच हुतो, घरापातूर जातंय का न्हाई. जनावरच म्हनतंय, हुईल!"

मलाही ते पटलं, हे मी कबूल करतो. आम्ही आनंदाने चार किलोमीटर आणखी गेलो आणि मग बॉनेटखालून भाजलेल्या मिरच्यांसारखा वास यायला लागला. फ्रेंचमध्ये त्या पाच अक्षरांचा अर्थ तेल, हे बोलावून घेतलेल्या मुबारकभाईंनी मोबाइलवर शोधून सांगितलं. इंजिनमधलं तेल संपलं होतं. डॉक्टरांनी वही काढली आणि नोंद केली: 'हुईल म्हणजे होणार नाही.'

त्यांची बायको, शालनकाकू, हे सगळं ओट्यावर बसून बघतात. बोलणं एकदम रोखठोक. "मेलं डबडं," एवढंच गाडीला नाव. "म्या म्हनते, इकून टाका आवं. भंगारवाला तर रोज दारावरनं जातोय." डॉक्टर ऐकून न ऐकल्यासारखं करतात आणि स्टेथोस्कोप पुसत बसतात. मुलगा पुण्याला असतो. त्याची मोठी उंच गाडी आहे आणि 'बाबा, हीच घ्या तुम्ही' असं तो दर दिवाळीला म्हणतो. डॉक्टर लाडू खात राहतात.

मला एका गोष्टीचं नवल वाटायचं. गाडीचा एसी तीन वर्षं बंद आहे. मागची एक काच दोरीने बांधली आहे. हॉर्न वाजत नाही, त्यामुळे डॉक्टर खिडकीतून डोकं काढून "हुर्रर्र" करतात आणि रस्त्यातली माणसंसुद्धा बाजूला होतात. याचं त्यांना काहीच वाटत नाही. पण मागचे शॉकअप गेले, तेव्हा माणूस अन्न सोडल्यासारखा झाला.

शॉकअप म्हणजे चाकाजवळची ती नळकांडी, खड्ड्यातला दणका गिळणारी. ते शोधायला डॉक्टर दोनदा सांगलीच्या जुन्या बाजारात गेले आणि एक हेडलाइट घेऊन आले. मुबारकभाई म्हणाले, "डॉक्टरसाब, दुसऱ्या गाडीचे बसवतो. कोण बघतंय?" त्यांनी बसवलेही. मग डॉक्टरांनी परीक्षा घेतली. मला मागच्या सीटवर बसवलं आणि माझ्या मांडीवर काठोकाठ भरलेला ताकाचा तांब्या ठेवला.

"हात लावायचा न्हाई. निस्तं बसायचं."

गाडी कॉलनीच्या पहिल्याच स्पीडब्रेकरवरून गेली आणि ताकाने माझी पँट पार भिजली. डॉक्टरांनी आरशातून बघितलं. "काढा रं ते," मुबारकभाईंना म्हणाले. "लय कडक हायती." त्या महिन्यात मी तीन पँटी ताकात बुडवल्या. आमच्या हिने तिसऱ्या वेळी विचारलं, "त्यांना वेड आहे, तुम्हाला काय झालंय?"

त्याच दिवसांत काकूंच्या थोरल्या बहिणीच्या नातीचं लग्न ठरलं, कोरेगावला. काकूंनी साफ सांगितलं, "मी न्हाई येत." बहीण फोनवर रडली. मुलाने स्वतःची गाडी पाठवतो म्हटलं. काकू म्हणाल्या, "व्हिडिओ बगीन मी. कशाला ती दगदग." कॉलनीत बायका म्हणाल्या, काकूंचा हेका. डॉक्टर मात्र त्या दिवसापासून शॉकअपच्या मागे असे लागले की विचारू नका. जुन्या ओळखीच्या दूध डेअऱ्यांना फोन केले. म्हशीच्या निमित्ताने तेहतीस वर्षांत ज्याच्या ज्याच्या गोठ्यात पाय टाकला होता, त्या सगळ्यांना गाडीचा फोटो पाठवला.

आणि कुंडलहून एका डेअरीवाल्याचा फोन आला. "डॉक्टर, तसलं गाडं आमच्या हौसाक्काच्या गोठ्यामागं हाय. कोंबड्या बसत्यात त्यात."

मुबारकभाईंना घेऊन आम्ही त्याच दुपारी कुंडलला. उसाच्या कडेला शेवरीखाली खरंच तशीच गाडी उभी होती. हौसाक्काच्या लेकाने नवी घेतली होती आणि सहा महिन्यांत उसाच्या ट्रॉलीवर घातली. तोंडाचा चेंदामेंदा झाला होता, पण मागची बाजू कोरी करकरीत. मुबारकभाई खाली वाकून बघून आले आणि म्हणाले, "नवे हैत, साब. एकदम नवे!" डॉक्टरांनी गाडीला हात जोडले.

जॅक लावणार, एवढ्यात हौसाक्का काठी घेऊन आल्या. सत्तरीच्या, नऊवारी खोचलेली.

"हात लावायचा न्हाई! आत कोंबडी बसलीया."

मागच्या सीटवर, गवताच्या खळग्यात, एक तांबडी कोंबडी अंग फुलवून बसली होती. आमच्याकडे तिने अशा नजरेने बघितलं की मुबारकभाई दोन पावलं मागे सरले.

"अकरा अंडी हायती खाली," हौसाक्का म्हणाल्या. "गाडी हालली की ती उठंल. उठली की गेली समदी वाया."

मुबारकभाई म्हणाले, "आवं आज्जी, कोंबडी टोपलीत ठेवू की." मी डॉक्टरांकडे बघितलं. मला वाटलं, आता हे हात जोडतील, विनवण्या करतील. पण त्यांच्यातला जनावरांचा डॉक्टर जागा झाला होता.

"टोपलीत कशी ठिवतोस रं? बसल्याली कोंबडी उठवायची नसती." मग हौसाक्कांना अदबीने, "आक्का, किती दिस झालं बसून?"

"आट."

"म्हंजी तेरा ऱ्हायलं." त्यांनी बोटं मोजली. लग्नाला सोळा दिवस होते. "थांबू आमी."

त्यानंतरचे तेरा दिवस डॉक्टर दर दोन दिवसांनी कुंडलला जात होते. सोबतीला मी, कारण एकट्याने जायला त्यांना लाज वाटायची. कोंबडीला कोवळं गवत, बारीक कणी, पाण्याची वाटी, सगळं व्यवस्थित. एकदा तर गाडीच्या खिडकीतून हळूच स्टेथोस्कोप आत घातला आणि अंड्याला लावला. कोंबडीने त्यांच्या मनगटाला चोच मारली. "तब्येत चांगली हाय," ते रक्त पुसत म्हणाले. हौसाक्कांची शेळी आजारी पडली, तिला औषध दिलं. शेजारच्या दोन म्हशी दाखवायला आल्या. चौथ्या खेपेपासून हौसाक्का आम्हाला भाकरी खाल्ल्याशिवाय सोडेनात.

मी एकदा वाटेत म्हटलं, "डॉक्टर, लग्नाला काकू येणारच नाहीत म्हणतात. मग ही घाई कशाला?"

"येती ती," एवढंच म्हणाले. आणि खिडकीतून डोकं काढून पुढच्या म्हशीला "हुर्रर्र" केलं.

कोंबडी बसल्याच्या बाविसाव्या दिवशी सकाळी हौसाक्कांचा फोन आला. नऊ पिल्लं झाली होती. आम्ही पोचलो तेव्हा तांबडी कोंबडी सगळं लटांबर घेऊन अंगणात फिरत होती. मुबारकभाईंनी अर्ध्या तासात शॉकअप काढले आणि गाडी परत कोंबड्यांच्या कामी यावी म्हणून मागून विटांवर नीट उभी करून दिली. हौसाक्कांनी मोबदला घेतला नाही. उलट एक पिल्लू द्यायला निघाल्या. डॉक्टरांनी ते हातात घेतलं, डोळे, पाय, पंख तपासले आणि आईजवळ सोडून दिलं.

मलकापुरात शॉकअप बसले. मी पुन्हा मागे, मांडीवर ताक. तीन स्पीडब्रेकर झाले, गटाराचा चर झाला, थेंब सांडला नाही. डॉक्टरांनी ते ताक माझ्या मांडीवरून उचलून घटाघट पिऊन टाकलं.

लग्नाच्या दिवशी काकू "बसते बाई, न्हाईतर ह्ये डोकं खातील," असं म्हणत गाडीत बसल्या. जाताना गाडीचे दोष मोजत होत्या. लग्न छान झालं. बहिणी-बहिणी गळ्यात पडून रडल्या. जेवून आम्ही मसूरच्या रस्त्याने परत निघालो, मी पुढे, काकू मागे. रहिमतपूर मागे पडलं, मसूरही मागे पडलं, तरी मागून एकही टोमणा आला नाही. मी वळून बघितलं. काकू काचेला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या.

कॉलनीचा फाटा आला. डॉक्टरांनी गाडी वळवली नाही. मी तोंड उघडलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. गाडी सरळ कासेगावच्या दिशेने निघाली.

"पाठीच्या आपरेशनला तीन वर्सं झाली," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. "समद्यांना सांगती, बरी हाय. पर अंथरुणावर तासभर सलग झोप न्हाई हो तिला. उठून बसती, भिताडाला टेकती. पोराच्या गाडीत दा मिंटं बसली, तर उतरवा म्हनली. हिच्यातच डोळा लागतो. काय केलंय त्या फ्रेंच लोकांनी, कुनास ठावं. शॉकअप गेलं आनि त्ये बी बंद झालं."

"काकूंना माहीत आहे?"

"न्हाई. तिला वाटतं, मला गाडीचं याड हाय. वाटू द्या. कळलं, तर माज्यापायी एवढं कशाला म्हनंल, आनि दुसऱ्या दिशी भंगारवाल्याला हाक मारंल."

कासेगाव आलं. तिथून गाडी वळवली आणि सावकाश परत आलो. ऊन उतरलं होतं. खड्डा दिसला की डॉक्टर आधीच वेग कमी करायचे आणि आरशात बघायचे.

दारात गाडी थांबली तशी काकूंना जाग आली. इकडेतिकडे बघितलं, पदर सावरला.

"आलं का एकदाचं? किती येळ लावला! मेलं डबडं, चालत आलो असतो तर आदी पोचलो असतो."

"व्हय गं," डॉक्टर म्हणाले. "लय हळू चालतंय आता." आणि खाली वाकून त्यांनी सीटखाली गेलेल्या काकूंच्या चपला काढल्या आणि त्यांच्या पायांपुढे सरळ मांडून ठेवल्या.