हरवणारे खासनीस सर

खासनीस सर भर वर्गातून उठून निघून जायचे. रागावून नव्हे. विद्यार्थी फळ्यापाशी बोलत असायचा, त्यातलं एखादं वाक्य सरांना कळलं नाही की ते चपला पायांत सरकवत म्हणायचे, "मी हरवलो. जिथं हरवलो तिथून घेऊन या." मग त्या विद्यार्थ्यानं सरांना बाहेर गाठायचं आणि नीट समजावून वर्गात परत आणायचं.

दुष्काळाचं साल होतं. संगमनेरच्या कॉलेजात सर आणि मी एम.एस्सी.च्या मुलांना शिकवायचो. कॉम्प्युटर कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. मुलं कागदावर प्रोग्रॅम लिहायची, तो पुण्याला जायचा आणि बऱ्याच दिवसांनी चुका घेऊन परत यायचा. गणित माझ्याकडे. संशोधन कसं करावं आणि केलेलं दुसऱ्याला कसं सांगावं, हे सरांकडे.

एकदा सर हरवले ते थेट एस.टी. स्टँडवर जाऊन शेजारच्या अकोले गावच्या गाडीत बसले. मागोमाग आलेला मुलगा खिडकीशी उभा राहून समजावत होता, तोच गाडी हलली. बिचारा धावत आत चढला. वेशीबाहेर पडेपर्यंत सरांना पटलं, पण शेजारच्या म्हातारबाबांना पटेना. "हेही हरवलेत," सर म्हणाले, "यांनाही घ्या." बाबांनाही पटल्यावर सर आणि तो मुलगा पुढच्या गावाला उतरून चालत आले.

आमचा विद्यार्थी नामदेव राजूरकडच्या एका वाडीतला. पाण्याचा टँकर कोणत्या वाटेनं फिरवला तर सगळ्या वाड्यांना वेळेवर पाणी मिळेल, हा त्याचा विषय. पुण्याच्या परीक्षकांपुढे बोलायचं होतं. नापास झालो तर शिक्षण सोडून घरी जाणार, असं त्यानं ठरवलेलं. सरावाच्या दिवशी त्यानं पाठ केलेलं इंग्रजी भाषण सुरू केलं आणि दुसऱ्याच वाक्याला सर उठून गेले.

नामदेव मागे गेलाच नाही. बाकावर मान खाली घालून बसला. शेवटी सर आपण होऊन परत आले. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

"काय झालं रे?"

"मला न्हाई जमायचं, सर. ह्यात माझं कायबी न्हाई. नुसतं इंग्रजी हाय."

सर त्याच्या शेजारी टेकले. "घरी पाणी कोण भरतं?"

"आई. टँकर येस्तवर लई लांबून आनती."

"मग तिला सांग. मी ऐकतो."

नामदेवनं भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, "आये, टँकर आदी वरच्या वाडीला जाऊ दे. उतरताना तो आपली वाडी घेईल. आत्ता उलटा फिरतो, म्हनून तुला दुपार व्हती."

सर जागचे हलले नाहीत. तीच वाक्यं दोघांनी साध्या इंग्रजीत मांडली. पुण्यात परीक्षकांनी शेवटी एवढंच विचारलं, "हे तहसीलदारांना सांगितलंत का?"

निकालाचे पेढे घेऊन मी आणि नामदेव सरांच्या घरी गेलो. वहिनी पलंगावर होत्या. अर्धांगानं त्यांची वाचा गेली होती. सर याबद्दल कॉलेजात कधी बोलले नव्हते. आम्हाला पाहून वहिनींनी काहीतरी सांगितलं, नुसतेच आवाज. सर वाकले.

"पाणी हवंय?" वहिनींनी नकारार्थी मान हलवली. "खिडकी लावू?" तेही नव्हतं. वहिनींचे डोळे भरून आले.

"चुकलं माझं," सर हळूच म्हणाले. "लक्ष नव्हतं. पुन्हा सांग."

त्यांनी पुन्हा सांगितलं. सर त्यांच्या ओठांकडे पाहत राहिले, आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

"अगं हो, विसरलोच," म्हणत ते चहाचं आधण ठेवायला आत गेले. वहिनींनी नामदेवला खुणेनं जवळ बसवून घेतलं.