बंबसाहेब आणि मेणबत्त्यांची रांग

बायको मनोऱ्याचा जिना चढून दिसेनाशी झाली आणि बंबसाहेब त्या जुन्या कॅथलिक कॅथीड्रलमध्ये एकटे उरले. एकटं सोडावं असा हा माणूसच नव्हे. उभी हयात अग्निशमन दलात गेलेली. बाकीचे लोक माना वर करून रंगीत काचा बघत होते, हे छताचं लाकूड बघत होते.

बाजूच्या कमानीखाली, मूर्तीपुढे, मेणबत्त्यांची रांग जळत होती. राखायला कुणी नाही आणि हातभर अंतरावर पडदा. पुढचं सगळं हातांनीच केलं, डोक्याला विचारलंसुद्धा नाही. ओल्या चिमटीत वात धरायची आणि सोडायची. शेवटची विझवून त्यांनी समाधानाने बोटं पुसली.

"कुणी विझवल्या?" मागे देखभालीच्या बाई उभ्या होत्या.

"मी. इथं लक्ष द्यायला कुणीच नव्हतं."

"देव होता की." बाईंचा आवाज थंड होता. "अहो, लोक मनातलं मागून लावून जातात. ती जळतेय तोवर मागणं चालू असतं. मी काडेपेटी आणते. तुम्ही कशालाही हात लावू नका."

बंबसाहेबांनी रांगेच्या टोकाकडे पाहिलं. टोकाची जाडी मेणबत्ती मघाशी बायकोने लावली होती. 'लेक एकदा ह्यांच्याशी बोलू दे' असं, ह्यांना नीट ऐकू जाईल इतक्या हळू पुटपुटत.

लेकीच्या लग्नात हॉलचं मागचं दार कुलूपबंद सापडलं, तेव्हा ह्यांनी व्याह्यांसकट सगळ्यांना भरल्या ताटावरून उठवून रस्त्यावर उभं केलं होतं. तेव्हापासून लेकीचा फोन फक्त आईला. आपलं काही चुकलं नाही, असं ते बायकोला येता-जाता ऐकवत, आणि फोन वाजला की आधी तेच वळून बघत.

जिन्यात बायकोच्या चपला वाजू लागल्या. बाईंचा पत्ता नाही. काडेपेटी त्यांनी जन्मात खिशात बाळगली नव्हती. चपला वळणावळणाने खाली येत होत्या. मेणबत्ती पेटवणं काही त्यांच्या हातात नव्हतं. तिचं काम मात्र हातात होतं. त्यांनी लेकीला फोन लावला.

"बाबा?" लेक घाबरलीच. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. मी तिची मेणबत्ती विझवली."

"काय?"

"तिची एकटीची नाही. कॅथीड्रलमधल्या सगळ्यांच्या."

लेक म्हणाली, "पडद्याजवळ होत्या?"

"हातभर."

पलीकडून खुसखुस ऐकू आली. "तुम्ही कधी सुधारणार नाही, बाबा."

"नाही. पण त्या दिवशी जेवणं होऊ द्यायला हवी होती, बाळा. कुलूप काय, फोडता आलं असतं."

बायको जिन्यातून बाहेर आली. विझलेली रांग बघून तिने तोंड उघडलं, फोनमधला आवाज ओळखला आणि फोनच हिसकावून घेतला.

तेवढ्यात बाई काडेपेटी घेऊन आल्या. "तुमची कुठली होती? आधी ती लावते."

बायकोने फोनवर हात ठेवला. "आमची राहू द्या. तिचं काम झालं."

"मग बाकीच्या ह्यांनीच लावायच्या," म्हणत बाईंनी काडेपेटी बंबसाहेबांपुढे धरली. ते मुकाट्याने पुढे झाले आणि एकेक करून बाकीच्या सगळ्या पेटवल्या. त्याआधी पडदा तेवढा गुंडाळून वर बांधला.