पिंजारी वस्तीचं शून्य

जगावरचं कोणतंही संकट त्यावर पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू होईपर्यंतच धोक्याचं असतं. एकदा का त्याला चार सत्रं, सोळा पेपर आणि एक तोंडी परीक्षा लागली, की मोठ्यातलं मोठं संकट गुमान मान खाली घालून बसतं. (दुष्काळावर आमच्याकडे अजून अभ्यासक्रम निघालेला नाही, म्हणून तो येतो.) हे ओळखूनच आमच्या महाविद्यालयाने तीन वर्षांपूर्वी घनसावंगीत ‘शाश्वत विकास आणि हवामान धोरण’ या विषयाचं एम.ए. सुरू केलं. त्या विभागाचा मी प्रमुख.

मी मूळचा इतिहासाचा. इतिहासाला दोनच विद्यार्थी उरले आणि त्यातल्या एकीचं लग्न झालं, तेव्हा प्राचार्य तातेराव सरांनी मला बोलावून घेतलं. “झालेलं लई शिकवलंत,” ते म्हणाले, “आता होणारं शिकवा. पगार तोच राहील.” मी हो म्हणालो. दोन विषयांत तसा फरक थोडाच आहे. चूक कोणाची हे ठरेपर्यंत दोन्हींकडची माणसं मेलेली असतात.

विभागाला खोली चांगली मिळाली. तिला खिडकी नाही, त्यामुळे दिवे दिवसभर चालू ठेवावे लागतात, आणि लाइट गेली तरी तापमानवाढीच्या स्लाइड थांबू नयेत म्हणून मागे डिझेलचं जनरेटर आहे. पहिल्या वर्षी चौदा प्रवेश झाले. प्रवेशामागची कारणं विभागाने शास्त्रीय पद्धतीने नोंदवली: लग्नाच्या बायोडाटात एम.ए. लिहिता यावं म्हणून पाच, वाचनालयात बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता यावा म्हणून चार, वसतिगृहातली खोली टिकावी म्हणून तीन, आणि बी.एड.ची रांग समजून चुकून उभा राहिलेला एक. (हा मिथुन. पुढे तो विभागात दुसरा आला.)

चौदावी आसिफा. तिला डीपी पाहिजे होता.

डीपी म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. शहरातल्या वाचकांना तो माहीत नसतो, कारण त्यांच्याकडे तो असतो.

आसिफा पिंजारी वस्तीची. शहागडच्या रस्त्याने सहा किलोमीटर गेलं की ओढा लागतो, ओढ्यापल्याड अकरा घरं आणि अडुसष्ट माणसं. पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारी. कागदोपत्री या गावाचं शंभर टक्के विद्युतीकरण झालेलं आहे, फक्त तारा ओढ्याच्या अलीकडे संपतात. आसिफाचे वडील हारुनभाई यांनी चार वर्षांपूर्वी विजेवरचं पिंजायचं मशीन आणलं, कारण डीपी दिवाळीपर्यंत बसतो असं त्यांना सांगण्यात आलं होतं. (कोणत्या दिवाळीपर्यंत, हे विचारायचं राहून गेलं.) तेव्हापासून मशीन पडवीत आहे आणि त्यावर कोंबड्या बसतात. हारुनभाई कापसाची पोती जीपच्या टपावर टाकून घनसावंगीला नेतात आणि दुसऱ्याच्या मशीनवर पिंजून परत आणतात. जुन्या पद्धतीने, हाताच्या धनुकलीने घरीही पिंजता येतं, पण मग कापूस छातीत जातो. आसिफाचे आजोबा त्यातच गेले.

वस्तीने अकरा वर्षांत डीपीसाठी सतरा अर्ज दिले. सतराही हरवले. यावर आसिफाने जो उपाय शोधला, तो मला आजही बिनतोड वाटतो.

“एका पानाचा अर्ज हरवतो, सर,” ती पहिल्याच दिवशी म्हणाली. “दोनशे पानांचं बाइंडिंग कुठं हरवन? मी आमच्या वस्तीवरच प्रबंध लिव्हते. वर कॉलेजचा शिक्का. मंग साहेबाला वाचावंच लागन.”

मला तिचं कौतुक वाटलं. हवामानाचा प्रश्न आपला स्वतःचा आहे असं वाटणारी विभागात ती एकटीच होती, आणि तिलाही तो हवामानाचा वाटत नव्हता.

दोन वर्षं ती राबली. घरोघर फिरून किती सरपण जळतं, किती रॉकेल लागतं, कोण किती खोकतं, मोबाइल चार्ज करायला कोण किती चालतं, सगळं लिहून आणलं. प्रबंध झाला दोनशे बारा पानांचा. शेवटचं प्रकरण, ‘डीपीची निकड’, पान दोनशे चारपासून. मी मार्गदर्शक होतो. मार्गदर्शकाने प्रबंध वाचू नये असा नियम नाही, पण प्रथा आहे. मी फक्त त्यातलं प्रपत्र ‘क’, म्हणजे उत्सर्जनाचा तक्ता, बघितलं, कारण पुढे सगळे तेवढंच बघतात. ते असं होतं:

वीजवापर: शून्य. पंखे, फ्रीज, टीव्ही: शून्य. चारचाकी वाहने: शून्य. डांबरी रस्ता: शून्य. उद्योगधंदे: यंत्र एक, बंद. (कोंबड्यांचं उत्सर्जन हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.)

“सर, समदीकडं शून्यच येऊन राह्यलं,” आसिफा जरा घाबरून म्हणाली. “नापास तर न्हाई करनार?”

“खरं आहे ना?”

“बिलकुल खरं हाय.”

“मग लिही. विद्येत खोटेपणा नको.”

हे मी मनापासून म्हणालो. वस्ती मी तोवर पाहिली नव्हती.

त्याच वर्षी महाविद्यालयाच्या हरित मानांकनासाठी दिल्लीहून समिती आली. सभासद तीन आणि गाड्या तीन. प्रपत्र ‘क’ पाहून अध्यक्षा मॅडमनी चष्मा काढून पुसला. तीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांना इतकी शून्यं एका पानावर दिसली नव्हती. युरोपातल्या देशांनी दोन हजार पन्नासपर्यंत गाठायचं ठरवलेलं ध्येय पिंजारी वस्तीने बाराव्या शतकापासून टिकवून धरलं होतं. समिती लगोलग वस्तीवर गेली. गाड्या ओढ्याअलीकडे थांबल्या, आणि परत येईपर्यंत आत गारवा राहावा म्हणून तिन्हींची इंजिनं चालू ठेवली होती.

आसिफाची आई चाँदबी चुलीपुढे बसली होती. मॅडमनी प्रेमाने विचारलं, “या चुलीवर तुमचं फार प्रेम असेल, नाही?”

“प्रेम कशाचं, बाई,” चाँदबी म्हणाली. “डोळे गेले माझे. लाइट आली तर शेगडी आनीन म्हनते. ह्यांचं मशीन बी चालन.”

समितीच्या सचिवांनी वहीत नोंद केली: ‘स्थानिक महिलांना ऊर्जेविषयी सखोल भान.’

महिन्याभरात निकाल आला. पिंजारी वस्ती ‘कर्बमुक्त आदर्श वस्ती’ म्हणून जाहीर झाली, आमच्या महाविद्यालयाला ती दत्तक मिळाली आणि आसिफाला सुवर्णपदक. ओढ्याकाठी दहा फुटी फलक लागला. संध्याकाळी तो वाचता यावा म्हणून त्यावर सौर दिवा बसवला. अशा रीतीने वस्तीतला पहिला दिवा फलकाला मिळाला. (त्यावर मोबाइल चार्ज करू नये, अशी सूचना खाली आहे.)

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण वीज कार्यालयातल्या एका अभियंत्याने घोटाळा केला. बद्रीनाथ त्यांचं नाव. त्यांनी आसिफाने नेऊन दिलेला प्रबंध टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून वर ठेवला होता. एके दुपारी काम नव्हतं म्हणून त्यांनी तो उघडला, आणि चक्क शेवटपर्यंत वाचला. सरकारी नोकरीत असं होऊ नये, पण झालं. आठ दिवसांत डीपी मंजूर, पंधराव्या दिवशी खांब आणि डीपी घेऊन ट्रक निघाला. वस्तीतल्या पोरांनी खांबांचे खड्डे आधीच खणून ठेवले. हारुनभाईंनी मशीनवरच्या कोंबड्या उठवल्या, ते पुसलं, तेलपाणी केलं.

ट्रक ओढ्यापर्यंत पोचला, तोवर प्राचार्यांचं पत्र पोचलेलं होतं. मानांकनाची अट क्रमांक नऊ: वस्तीच्या वीजवापरात वाढ झाल्यास पुरस्कार रद्द समजावा. शिवाय अट क्रमांक दहा होती, ती जास्त उदार. वस्तीने जे उत्सर्जन केलं नाही, ते करण्याचा हक्क दत्तक घेणाऱ्या संस्थेला मिळतो. आमच्या नव्या हवामान सभागृहात आठ एसी बसायचे होते आणि जुना डीपी त्यांचा भार पेलत नव्हता. मंजूर डीपी परत पाठवणं म्हणजे सार्वजनिक मालमत्तेचा अपव्यय. तो सभागृहामागे बसवण्यात आला. चाँदबीने लाइनमन लोकांसाठी चहा ठेवला होता. तो पिऊन ते परत गेले.

डीपी बसल्याच्या दुसऱ्या दिवशी आसिफा माझ्याकडे आली. हातात टाइप केलेलं अर्ध्या पानाचं पत्र होतं.

“सर, तुम्ही मार्गदर्शक. एवढं सही करून द्या. ते शून्य आम्ही ठरवून न्हाई केलं, आम्हाला मिळालंच न्हाई, एवढंच लिव्हलंय.”

मी तिला समजावलं की मार्गदर्शकानेच असं लिहिलं तर मानांकन जाईल, मानांकन गेलं तर अनुदान जाईल, अनुदान गेलं तर विभाग जाईल, मग धोरण शिकवायचं कोणी?

तिने पत्र माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, “डीपी तुमच्याकडं आन् अंधार आमच्याकडं. हे कोन्त्या पेपरात होतं, सर?”

“तिसरं सत्र, पेपर अकरा,” मी म्हणालो. “तुला त्यात ब्याऐंशी आहेत.”

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, सही करावीशी वाटली, पेनाचं टोपणही काढलं होतं. तेवढ्यात सभागृहात एसीची चाचणी सुरू झाली, दारातून गार वारा आला आणि जरा बरं वाटलं. मे महिना होता. आसिफाने पदकाची डबी माझ्या टेबलावर ठेवली. “ठेवा तुमच्याकडंच,” ती म्हणाली. “आमच्याकडं अंधारात दिसत न्हाई.” अध्यक्षा मॅडमना मी कळवलं की आमच्या विद्यार्थ्यांना भौतिक वस्तूंचा मोह उरलेला नाही.

हारुनभाईंनी मशीन विकलं. आता महिन्याला दोन-तीन अभ्यास सहली येतात, त्यांच्यासाठी त्यांनी वडिलांची धनुकली पुन्हा काढली आहे. पाहुण्यांना ती फार आवडते. त्यांचा खोकला मात्र व्हिडिओत येतो, तेवढा भाग आम्हाला कापावा लागतो.

वाचकहो, हे वाचताना तुमच्या डोक्यावर पंखा फिरत असेल, शेजारी मोबाइल चार्जिंगला असेल. अपराधी वाटून बंद करू नका, त्याची तजवीज झालेली आहे. विभागाच्या हिशोबाने पंखा, फ्रीज आणि उन्हाळ्यात एसी वापरणाऱ्या एका सुशिक्षित, संवेदनशील वाचकाला चार माणसांचा अंधार लागतो. पिंजारी वस्तीत माणसं अडुसष्ट, म्हणजे सतरा वाचक बराबर बसले. तुम्ही अठरावे असाल तरी काळजी नको. भोकरदनकडच्या एका वस्तीवरच्या मुलीने यंदा आमच्याकडे प्रवेश घेतला आहे. तिलाही डीपी पाहिजे आहे.