पडण्याचा आळ

"या स्टुलाला पहिल्यापासूनच खोड आहे," सुतारमास्तर बायकोच्या कानाशी पुटपुटले. दोघंही जमिनीवर होते. ती पडली होती म्हणून, आणि ते स्टुलाचे पाय तपासायला.

"अहो, आधी मला उठवा. त्याची जबानी मग घ्या."

स्टूल माळ्यावर गेलं. लग्नानंतर मास्तरांनी घरासाठी केलेली ती पहिली वस्तू. पुढच्या पडण्याचा आळ टीपॉयवर आला. "पोर व्हायची होती, घाईत कोपरे गोल करायचे राहिले," म्हणत त्यांनी तोही उचलला. मग आरामखुर्ची गेली, मग बाकडं. जन्मभराची कारागिरी एकेक करून गुन्हेगार ठरली.

बायकोला मल्टिपल स्क्लेरोसिस होऊन बरीच वर्षं झाली होती. पाय ओंडक्यासारखे ताठायचे, रात्र रात्र पेटके यायचे. हल्लीच डॉक्टरांनी नवी गोळी दिली आणि ती गाढ झोपू लागली. घर इतकं सुखावलं, की गोळीबद्दल वावगं बोलायची कुणाची छाती होईना.

लेक माहेरी आली नि दारातच थबकली. "बाबा, हे घर आहे की पटांगण? आई धरणार कशाला?"

"मी आहे ना!"

खरंच, पळती कोंबडी धरायला निघाल्यासारखे हात पसरून मास्तर बायकोमागे फिरत.

"मागे फिरू नका हो, हसू येतं नि तोल जातो," ती म्हणाली, आणि गेलाच. आधाराला मास्तर तेवढे उरले होते. तेही आले खाली.

"लागलं का गं?"

"नाही." तिने रिकाम्या खोलीभर नजर फिरवली. "आपण राहायला आलो तेव्हा अशीच होती, नाही? एक चटई आणि आपण. खुर्ची होईपर्यंत माझ्या मांडीवर बस, म्हणाला होतात."

"हळू बोल, पोरगी ऐकतेय." मास्तर लाजले आणि घाईघाईने फरशीवर हात फिरवू लागले. "ही फरशीच गुळगुळीत. उद्याच उखडतो."

लेक फस्सकन हसली. बायकोने मात्र मास्तरांचा हात धरून ठेवला.

"फरशीला काही करू नका. गोळीने पडते मी. घेतली की पायातला जोरच जातो. सांगितलं तर बंद करतील नि पुन्हा त्या पेटक्यांच्या रात्री येतील, म्हणून गप्प होते. भीती वाटते हो मला. पण डॉक्टरांना फोन लावा."