खांद्यावरची चार बोटं

"हिला काढ आन् हितं मला घाल." सिंधुबाईंनी टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम तृप्तीच्या टेबलावर ठेवली आणि मागचं दार नीट लागलंय ना, ते वळून पाहिलं.

नाशिक रोडच्या त्या स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसणाऱ्या तृप्तीला असली कामं नवी नव्हती. जावयाला काढा, मागे ताजमहाल टाका, हे रोजचंच. तिनं फ्रेम उघडली. फेटा बांधलेला पंचविशीचा तरुण, शेजारी नऊवारीतली, नथ घातलेली मुलगी, आणि तरुणाच्या खांद्यावर चार बोटं.

"हे आजोबा ना? आणि ह्या?"

"माझी सवत, भागुबाई. माझ्या लग्नाआधी दोन वर्षं वारली ती."

पुढच्या आठवड्यात सिंधुबाईंच्या नवऱ्याची, पुंजाबांची पंचाहत्तरी होती. मुलगा अमोल कार्डावर वडिलांचा तरुणपणीचा फोटो छापणार होता, आणि तसा फोटो घरात हा एकच. म्हणजे दिंडोरी तालुक्यातल्या पाचशे घरांत पुंजाबांच्या शेजारी भागुबाई जाणार, आणि सत्तेचाळीस वर्षं संसार केलेल्या सिंधुबाई आत पुऱ्या लाटणार.

सवतीचं त्यांनी काही कमी केलं नव्हतं. दर अविधवा नवमीला पुरणाचा स्वयंपाक, सवाष्णीला जेवण, खण-नारळ, सगळं नेमानं. फोटोला हारसुद्धा. पण फोटोतला नवरा जिवंत; त्याला हार कसा घालायचा? म्हणून त्या हार फ्रेमच्या एकाच कोपऱ्याला अडकवत, आणि तो बरोबर भागुबाईंच्या तोंडावर उतरे. तेवढंच समाधान. मात्र हार कितीही जाड घेतला तरी ती चार बोटं उघडीच राहत. चारचौघांत नवऱ्याच्या खांद्यावर हात! सिंधुबाईंना तर बैलगाडीत चढतानासुद्धा पुंजाबांनी कधी हात दिला नव्हता.

दिंडोरीत हे काम करून घेतलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, म्हणून त्या एवढ्या लांब आल्या होत्या. पुंजाबा बाहेर बाकावर पेपर वाचत होते. गुरुवारी खोटं बोलायचं नाही हा सिंधुबाईंचा नेम, त्यामुळे त्यांनी "कार्डाचं काम हाय" एवढंच खरं सांगितलं होतं.

"तुमचा तरुणपणीचा फोटो?" तृप्तीनं विचारलं.

सिंधुबाईंनी पिशवीतून भाचीच्या लग्नातला फोटो काढला. वय चाळीस, हातात ताट, गाल भरलेला.

तृप्तीनं दोन्ही फोटो स्कॅन केले. "हे बघा आजी, ह्याला लेअर म्हणतात. एकावर एक ठेवलेल्या काचा समजा. एका काचेवर आजोबा, एकीवर तुम्ही. आणि हा मास्क. काळा ब्रश फिरवला की माणूस दिसेनासा होतो."

ब्रश फिरला. भागुबाई पायापासून विरत गेल्या. सिंधुबाईंनी पदरानं ओठ टिपले.

"पुसली गेली?"

"नाही, नुसती झाकली. खाली आहेतच त्या. पांढरा ब्रश फिरवला की परत येतील."

"मंग काय उपेग? खाली तर ती सत्तेचाळीस वर्षं हायेच!"

मग सिंधुबाई फोटोत आल्या. पाहतात तर पुंजाबा त्यांच्या खांद्याला लागत होते.

"आजी, रागावू नका, पण मुलाला शाळेत घालायला निघाल्यासारख्या दिसताय."

"मला बारीक कर. आन् त्यो गाल आत घे. ताट काढ."

गाल आत गेला, ताट गेलं, सुरकुत्या गेल्या. आता नाक ओकंबोकं दिसू लागलं. तृप्ती बिचकत म्हणाली, "नथ भागुबाईंची घेऊ का?"

"तिची? मुळीच नको!" सिंधुबाईंनी स्वतःच्या नाकाला हात लावून पाहिला. "घे. तशीबी ती माझ्याच डब्यात हाय."

सगळं जमलं, पण ती चार बोटं हटेनात. भागुबाई नव्हत्या आणि त्यांचा हात मात्र खांद्यावर ठाण मांडून होता.

"बघितलं? गेली तरी सोडत नाय," सिंधुबाई म्हणाल्या.

तृप्तीनं फोटो मोठा केला, आणखी मोठा केला आणि खुर्ची पुढे ओढली. "आजी, ह्या बोटांवर केस आहेत. हा बाईचा हातच नाही. आणि ही पांढरी रेघ बघा, इथं फोटो कापून चिकटवलाय. मूळ फोटोत भागुबाई नव्हत्याच. दुसराच कोणीतरी उभा होता. त्याला झाकून वर ह्यांना लावलंय, हात तेवढा झाकायचा राहिला."

सिंधुबाईंनी दार उघडलं. "अवो, आत या आधी!"

पुंजाबा आले, चष्मा पुसून पडद्याजवळ वाकले आणि एकदम खुलले. "ह्यो तर माझ्या दोस्ताचा, गोटीरामचा हात! कांद्याची गाडी घेऊन दोघं लासलगावला गेलो व्हतो, तव्हा काढला ह्यो फोटो. भागीचा तिच्या माहेरचा एकटीचा व्हता. ती गेल्यावर बानं दोन्ही एकात करून घेतले."

"आन् मला हे आज सांगताय?"

"तू त्या फोटोवर इतका जाड हार घालतीस, मला वाटलं तुला बघायचाच नसंल."

त्या चार बोटांवर सत्तेचाळीस वर्षं केलेला राग सिंधुबाईंना एकाएकी फुकट गेल्यासारखा वाटला.

"म्हंजी तिला घेऊन तुमी कधीच फोटो काढला नाय?"

"कुठं सवड व्हती?"

"मला घेऊन?"

पुंजाबा भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

"गोटीरामला घेऊन बरी सवड झाली!" सिंधुबाई तृप्तीकडे वळल्या. आवाज आता मऊ होता. "पोरी, तो पांढरा बुरुश फिरव. तिला परत आण."

भागुबाई हळूहळू परत आल्या. जागा पुरेना, तशा सिंधुबाई त्यांच्याजवळ सरकल्या. दोघींच्या नाकात एकच नथ चमकत होती.

"चांगल्या दिसतोय दोघी," सिंधुबाई म्हणाल्या. "आता ह्यांच्यावर काळा फिरव."

"आजोबांवर?" तृप्तीचा हात माऊसवर थबकला.

"हां. पुसू नको, झाक नुसतं."

पुंजाबांचा फेटा पडद्यावरून जाऊ लागला, तसे ते घाईनं पुढे झाले. "अगं, पंचाहत्तरी माझी हाय!"

"हाय की," सिंधुबाई म्हणाल्या. "मंग या जेवायला."